डहाणूचा साप, घोड्याचे रक्त

भातलावणी सुरू झाली की डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या पट्ट्यात सर्पदंशाचे दिवस सुरू होतात. दिवसा बांधावरच्या गवतात पाय पडतो तो फुरशावर किंवा घोणशीवर. रात्रीची गोष्ट आणखी अवघड. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला मण्यार चावते आणि अनेकदा त्याला जागही येत नाही. दातांची खूण सापडत नाही, सूज नसते, आग होत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, उलटी होते, पापण्या आपोआप मिटू लागतात, थुंकी गिळता येत नाही. घरच्यांना आधी वाटते, रात्रीचे जेवण बाधले असेल.

साप चावल्याचे ध्यानात आले की कोणीतरी म्हणते, ‘सापाची लस टोचून आणा.’ शब्द रुळलेला आहे, पण रुग्णालयाच्या कपाटात अँटी-स्नेक व्हेनम म्हणून ठेवलेले ते औषध लस नव्हे. लस शरीराला शिकवते आणि शिकायला वेळ लागतो. सर्पदंश झालेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. म्हणून त्याच्या शिरेत सोडले जाते ते दुसऱ्या कोणाच्या तरी शरीराने आधीच शिकून तयार ठेवलेले उत्तर. ते दुसरे शरीर घोड्याचे असते.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याने हात कापलेला कामगार ‘टीटी’ घ्यायला जातो तेव्हा घडते ते याच्या उलट. धनुर्वाताच्या इंजेक्शनमध्ये निष्प्रभ केलेले विष असते. लहानपणी घेतलेल्या लसीची आठवण ठेवून बसलेल्या त्याच्या स्वतःच्या पेशी ते पाहताच जाग्या होतात आणि काही दिवसांत प्रतिपिंड बनवू लागतात. त्या कामगाराचे उत्तर त्याच्याच रक्तातले असते. डहाणूच्या शेतकऱ्याचे उसने. पण उत्तर कोणाच्याही रक्तातले असो, ते तयार होण्याची रीत एकच आहे. ही रीत समजली की डहाणूच्या बाटलीची ताकद कळते, आणि तिची मर्यादाही.

मर्यादेचा विचार करायला कारण आहे. देशातील मृत्यूंच्या मोठ्या पाहणीवर आधारलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली. वर्षाला सरासरी ५८ हजार. पालघर जिल्ह्यात या प्रश्नाचा अभ्यास जागेवर जाऊन झाला आहे. आयसीएमआरच्या मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेचे ग्रामीण संशोधन केंद्र डहाणूला आहे. डॉ. राहुल गजभिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयातील सर्पदंशाच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. विंचूदंशावरील कामामुळे सर्वांना ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्करही या गटाच्या कामात होते. दोन वर्षांनी याच गटाने गावकरी, सर्पमित्र आणि भगत यांच्याशी बोलून केलेली पाहणी आली. त्यात विष ‘ओढून’ घेण्यासाठी चिंचोका किंवा लोहचुंबक वापरण्याची रीत नोंदलेली आहे. त्याच पाहणीत हेही नोंदले आहे की प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना सर्पदंशाच्या उपचाराचे रीतसर प्रशिक्षण मिळालेले नव्हते. तेव्हा दोष एकट्या चिंचोक्याला देऊन चालणार नाही.

आता घोड्याकडे वळू. प्रतिविषासाठी पाळलेल्या घोड्याला आयुष्यात मण्यार चावलेली नसते. त्याच्या बापजाद्यांनाही बहुधा नसेल. तरी त्याच्या कातडीखाली विषाचा सूक्ष्म अंश टोचला की काही आठवड्यांत त्याच्या रक्तात त्या विषाला नेमके ओळखणारे, त्याला चिकटून निकामी करणारे प्रतिपिंड दिसू लागतात. न पाहिलेल्या शत्रूचे माप घोड्याकडे आले कुठून?

हे कोडे सर्पविषापुरते असते तर ‘कधीतरी उत्क्रांतीत ओळख झाली असेल’ म्हणून सोडून देता आले असते. ती पळवाट बंद केली कार्ल लँडस्टायनर यांनी. रक्तगट शोधणारे म्हणून ते परिचित आहेत, पण त्यांच्या आयुष्यातली कितीतरी वर्षे दुसऱ्याच कामात गेली. रंग बनवणाऱ्या कारखान्यात जी डायझो अभिक्रिया रोज वापरली जाते, तिच्या मदतीने त्यांनी प्रयोगशाळेत बनवलेली छोटी रसायने प्रथिनांना जोडली आणि ती सशांना टोचली. तारापूरच्या रंग-रसायनांच्या कारखान्यातल्या केमिस्टला यातले रसायनशास्त्र नवे वाटणार नाही. नवल पुढे आहे. सशांनी त्या रसायनांविरुद्ध प्रतिपिंड बनवले. निसर्गात ससा आणि हे रसायन यांची गाठ कधी पडण्याची शक्यताच नव्हती. शिवाय ते प्रतिपिंड इतके चोखंदळ होते की रेणूच्या कड्यावर एखादा गट एक घर इकडे की तिकडे जोडला आहे, एवढाही फरक त्यांना कळत होता.

मग शास्त्रज्ञांनी तर्क लढवला की शरीर शत्रू पाहूनच साचा घेत असावे. शिंपी अंगाचे माप घेऊन सदरा बेततो, तसे प्रतिपिंडाचे प्रथिन विषाच्या रेणूभोवती स्वतःला दुमडून घेते, अशी मांडणी लायनस पॉलिंग यांनी १९४० मध्ये केली. पॉलिंग म्हणजे रसायनशास्त्रातले फार मोठे नाव, आणि कल्पना सरळ, पटणारी. ती चुकीची निघाली. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी उलटे सांगितले: मापे घेतली जातच नाहीत. शरीराच्या दुकानात असंख्य मापांचे तयार सदरे आधीच टांगलेले असतात. गिऱ्हाईक येते, ज्याला जो बसेल तो निवडला जातो, आणि मग त्याच मापाचे सदरे धडाधड शिवले जातात.

हे दुकान म्हणजे बी पेशी, पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. माणसात त्या हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत जन्मतात. नावातला ‘बी’ मात्र कोंबडीकडून आला आहे. कोंबडीच्या शेपटीजवळ असलेल्या एका पिशवीवजा अवयवाच्या नावाचे ते आद्याक्षर आहे. तो अवयव काढून टाकला तर पक्षी प्रतिपिंड बनवू शकत नाही, हे १९५६ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूस ग्लिक यांनी दाखवले. त्यांचा शोधनिबंध नामांकित नियतकालिकाने परत पाठवला आणि तो कुक्कुटपालनावरच्या नियतकालिकात छापून आला. प्रतिकारशक्तीच्या अभ्यासातला एक पायाभूत शोध काही वर्षे कोंबड्यांच्या खाद्यावरील लेखांच्या शेजारी पडून होता.

प्रत्येक बी पेशी तिच्या अंगावर एकाच मापाचे प्रतिपिंड मिरवते. प्रतिपिंडाचा आकार गलोलीच्या बेचक्यासारखा असतो: एक देठ आणि दोन हात. देठ बहुतेकांचा सारखा. हातांची टोके मात्र पेशीगणिक वेगळी, आणि पकड तिथेच असते. प्रत्येक टोक दोन साखळ्यांनी मिळून बनते, एक जड आणि एक हलकी.

बर्नेट यांच्या म्हणण्यात एक मोठी अडचण होती. प्रतिपिंड हे प्रथिन आहे आणि प्रत्येक प्रथिनाची कृती डीएनएतल्या जनुकात लिहिलेली असते. माणसाकडे प्रथिने बनवणारी जनुके आहेत सुमारे २० हजार. त्यांतच हृदय, मेंदू, कातडी, केस, सगळ्यांचे भागवायचे. मग कोट्यवधी प्रतिपिंडांच्या कृती लिहायला जागा कुठे आहे?

उत्तर मिळाले १९७६ मध्ये, स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात. जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा आणि नोबुमिची होझुमी यांनी उंदराच्या गर्भातला डीएनए आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या प्रौढ पेशीतला डीएनए शेजारी ठेवून पाहिला. गर्भात प्रतिपिंडाच्या जनुकाचे भाग एकमेकांपासून दूर होते. प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीत ते जवळ येऊन जुळले होते. मधला डीएनए कापून काढलेला होता. शरीरातल्या सगळ्या पेशींत एकच डीएनए असतो, असे शाळेत शिकवले जाते; बी पेशी त्याला अपवाद ठरली. तिने आपली मूळ पोथी फाडून, पाने पुन्हा लावून स्वतःची वेगळी पोथी केलेली असते. तोनेगावा यांना १९८७ चे नोबेल मिळाले, आणि त्या वर्षी वैद्यकाच्या पारितोषिकात दुसरा वाटेकरी नव्हता.

ही पाने कशी लावली जातात, ते पाहण्यासारखे आहे. माणसात जड साखळीचे टोक तीन प्रकारच्या तुकड्यांपासून बनते. पहिल्या प्रकारचे वापरता येण्याजोगे सुमारे ४० तुकडे आहेत, दुसऱ्याचे २३, तिसऱ्याचे ६. प्रत्येक बी पेशी तिन्हींतून एकेक तुकडा उचलते, कोणता ते केवळ दैवावर. झाली ५,५२० जुळण्या. हलक्या साखळीच्या अशाच सुमारे ३२० होतात. जड आणि हलकी यांची जोडी लावली की साडेसतरा लाखांच्या वर. सुमारे दीडशे तुकड्यांतून एवढी विविधता. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढ्यावर अख्खा गाव, लग्न, जंगल, तारपा नाच उभा करणाऱ्या डहाणूच्या भिंतींना यात विशेष वाटू नये.

खरी उधळपट्टी तर सांध्यावर होते. दोन तुकडे जोडताना पेशी कडा नीट जुळवत नाही. थोडी कुरतडते, आणि एक विकर तिथे मनाला येईल तशी चार-सहा जादा अक्षरे घुसडते. सुताराने असा सांधा केला तर त्याला पुन्हा कोणी काम देणार नाही. इथे मात्र या ओबडधोबडपणामुळेच शक्यतांची संख्या लाखांतून अब्जांत आणि त्याही पलीकडे जाते, आणि बेचक्याच्या टोकाचा अगदी मधला, विषाला भिडणारा भाग याच सांध्यातून तयार होतो. बरेच सांधे फुकटही जातात. वाचताच न येणारी कृती तयार झाली तर ती पेशी मरते. स्वतःच्याच शरीराला धरणारा प्रतिपिंड झाला तर त्याही पेशीला बहुधा अस्थिमज्जेतच थांबवले जाते. ही गाळणी चुकते तेव्हा काय होते, ते ल्युपससारख्या आजारांचे रुग्ण जाणतात.

डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटणे ही पेशीच्या दृष्टीने सर्वांत घातक इजा. १९६९ पासून अणुवीज केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या तारापूर परिसराला किरणोत्सर्गाचे भय सांगावे लागत नाही, आणि त्या भयाचे जैविक कारण मुख्यतः हेच आहे: मोठ्या मात्रेतला किरणोत्सर्ग डीएनएचे धागे तोडतो. बी पेशी हीच इजा स्वतःला जाणूनबुजून करून घेते. आरएजी नावाच्या दोन प्रथिनांची कात्री तिच्याकडे आहे. कात्री चालली की तुटलेली टोके जोडायला धावून येतात तेच दुरुस्ती कामगार, जे किरणांनी झालेली तूट सांधतात. प्रतिपिंडांसाठी वेगळी टोळी ठेवलेली नाही.

याचा पुरावा घोड्यांतच मिळाला. अरबी जातीची काही शिंगरे जन्मतः धडधाकट दिसतात आणि आईच्या दुधातले प्रतिपिंड ओसरले की साध्या जंतुसंसर्गाने चार-सहा महिन्यांत मरतात. त्यांच्यात कामाच्या बी पेशी आणि टी पेशी नसतातच. १९९० च्या दशकात उलगडा झाला: या शिंगरांत दुरुस्ती टोळीतले एक प्रथिन नादुरुस्त असते. कात्री चालते, पण तुटलेले जुळत नाही. आणि त्याच शिंगरांच्या पेशी किरणोत्सर्गापुढेही फार लवकर हार मानतात. माणसाच्या बाळांतही या वाटेवरच्या जनुकांचे दोष आढळतात. घरात एकामागून एक तान्ही मुले संसर्गाने गेली असतील तर पुढच्या बाळाला जन्मतः दिली जाणारी बीसीजी टोचण्याआधी डॉक्टरांना तसे सांगणे आवश्यक असते, कारण अशा बाळाला त्या लसीतल्या जिवंत जंतूपासूनच धोका असतो. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील आयसीएमआरच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा आजारांचे निदान होते.

निरोगी घोड्याच्या अंगात मात्र असंख्य मापांच्या बी पेशी गस्त घालत असतात. माणसापेक्षा त्याच्या तुकड्यांची संख्या वेगळी, रीत तीच. विष टोचले जाते. लाखो पेशी त्याच्या अंगावरून निघून जातात, कोणाचेच माप जुळत नाही. एखाद्-दुसरीचे थोडेफार जुळते. ती थांबते, टी पेशींकडून होकार मिळवते आणि दुभंगू लागते: एकाच्या दोन, दोनाच्या चार. काही दिवसांत तिची हजारो भावंडे लसीका ग्रंथीत जमतात.

इथे बी पेशी दुसऱ्यांदा पोथीत हात घालते. एक विकर, ज्याचा शोध जपानमधील तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये लावला, प्रतिपिंडाच्या जनुकात चुका पेरू लागते. इतर जनुकांच्या मानाने इथला चुकांचा वेग सुमारे दहा लाख पट असतो. बहुतेक चुकांनी पकड बिघडते आणि त्या पेशी मरतात. क्वचित एखादीची पकड सुधारते. ग्रंथीत विष थोडे, दावेदार फार. ज्याची पकड घट्ट त्याला ते मिळते, आणि तोच पुढे वाढतो. फेरीमागून फेरी हे चालते. शेतकरी दरवर्षी चांगले कणीस बियाण्याला ठेवतो, तीच निवड इथे दिवसांत होते. शेवटी निवडून आलेल्या पेशींतल्या काही प्रतिपिंडांचे कारखाने होतात, एकेक पेशी सेकंदाला हजारोंच्या संख्येने प्रतिपिंड रक्तात सोडते. उरलेल्या आठवण धरून बसतात, बोईसरच्या कामगाराच्या धनुर्वाताच्या पेशींसारख्या.

म्हणूनच घोड्याला एकदा टोचून भागत नाही. मात्रा हळूहळू वाढवत नेत आठवडे, महिने हे काम चालते. मग रक्त काढतात, रक्तद्रव वेगळा करतात आणि लाल पेशी घोड्याला परत देतात. प्रतिपिंडाच्या बेचक्याचा देठ पेप्सिनने तोडतात, कारण पकड हातांत असते आणि घोड्याचा देठ माणसाच्या शरीराला खुपण्याची शक्यता जास्त. उरलेले हात गोठवून सुकवले की पांढरी पूड होते. ही पूड फ्रीजच्या भरवशावर नसते, आणि मोखाड्याच्या पावसाळ्यात वीज किती टिकते हे ठाऊक असलेल्यांना याची किंमत कळेल. राज्य सरकारचे हाफकिन जीव औषध निर्माण महामंडळ हे औषध बनवणाऱ्यांपैकी एक.

बाटलीच्या हिशेबात आकडे नेमके आहेत. १० मिलिलिटरच्या एका बाटलीने ६ मिलिग्रॅम नागाचे किंवा घोणसीचे, आणि ४.५ मिलिग्रॅम मण्यारीचे किंवा फुरशाचे विष निकामी व्हावे, असा दंडक आहे. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. भागाकार केला की सुरुवातीलाच ८ ते १० बाटल्या का लागतात ते समजते. मुलालाही मोठ्या माणसाएवढ्याच द्याव्या लागतात. साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. आणि बाटलीतल्या सगळ्याच प्रतिपिंडांचा रोख विषावर असतो असेही नाही. त्यांचा बराच मोठा भाग घोड्याने आयुष्यभर तोंड दिलेल्या जंतूंविरुद्धचा असतो. रुग्णाच्या शिरेत घोड्याचे सगळे पूर्वायुष्य उतरते, त्यातला थोडा भाग कामाचा.

इथून प्रश्न पुन्हा डहाणूला येतो. बी पेशी कोणत्याही विषावर उत्तर शोधू शकते, पण जे दाखवले त्याच्यावरच शोधते. भारतातील घोड्यांना दाखवले जाते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष. ते बहुतांशी येते तामिळनाडूतून, चेन्नईजवळच्या इरुला सर्पपकड सहकारी संस्थेकडून. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने साप मारून कातडी विकण्याऐवजी विष काढून साप सोडून देण्याचा धंदा इरुलांना दिला, आणि देशभरच्या रुग्णांवर तिचे उपकार आहेत. अडचण सापांची आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रांतागणिक बदलते. कोणत्या भक्ष्यावर तो जगतो, त्याची वंशावळ कोणती, यावर विषातल्या प्रथिनांचे प्रमाण ठरते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने देशाच्या वेगवेगळ्या भागांतून नाग आणि घोणस यांची विषे गोळा करून उंदरांवर चाचण्या केल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काही प्रदेशांतल्या विषांपुढे बाजारातले प्रतिविष अपुरे पडते. तिकडच्या घोणसीवर बेतलेले उत्तर इकडच्या घोणसीला ढगळ बसते.

चौघांच्या बाहेरच्या सापांचे तर उत्तरच बाटलीत नाही. सह्याद्रीच्या जंगलात बांबूच्या बेटात, झुडपांत बसणारा हिरवा चापडा चावला तर हे प्रतिविष उपयोगी पडेल अशी अपेक्षा धरता येत नाही. घोड्याला चापड्याचे विष कोणी दाखवलेलेच नसते. सुदैवाने त्याच्या दंशाने जीव जाणे विरळा.

याचा अर्थ औषध कुचकामी आहे असा मात्र कोणी घेऊ नये. नाग, मण्यार, घोणस, फुरसे चावल्यावर आज हाताशी असलेले खात्रीचे औषध हेच आहे. ढगळ बसणारे उत्तर जास्त बाटल्यांनी आणि लवकर दिल्याने बरेचसे भरून निघते. उशिराचे मात्र भरून निघत नाही. मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांवर जाऊन बसले आणि टोकेच निकामी झाली, की नंतर कितीही बाटल्या दिल्या तरी श्वास मशिनवरच चालवावा लागतो. म्हणून दोरी आवळणे, चिरा देणे, चोखणे, चिंचोका बांधणे यांत घालवलेला अर्धा तास फार महाग पडतो. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, अंगठी-जोडवी काढायची, १०८ ला फोन करायचा आणि निघायचे. भगताला बोलावायचेच असेल तर त्याला गाडीत बसवून रुग्णालयात न्यावे. तिथली पहिली मोठी चाचणीही साधी आहे: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे हलवायचे नाही. रक्त गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाचे विष अंगात भिनल्याची ती खूण.

घोड्याला वगळता येईल का, याचेही प्रयत्न सुरू आहेत. सुनगर यांच्या गटाने अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेसोबत बी पेशीची युक्ती परीक्षानळीत वापरली: मानवी प्रतिपिंडांचे प्रचंड मोठे भांडार आधी तयार करायचे, मग त्यात विषातले एक प्रथिन सोडून कोण घट्ट धरतो ते पाहायचे. २०२४ मध्ये त्यांनी नाग आणि मण्यार यांच्या कुळातल्या निरनिराळ्या सापांच्या मज्जातंतूंवरील विषाला धरणारा एकच प्रतिपिंड जाहीर केला. उंदीर त्याने वाचले. पुढच्या वर्षी अमेरिकेत आणखी वेगळी गोष्ट घडली. जवळपास अठरा वर्षे स्वतःला विविध सापांचे विष टोचून घेणाऱ्या एका माणसाच्या बी पेशींतून शास्त्रज्ञांनी दोन प्रतिपिंड निवडले आणि त्यांना एका रासायनिक औषधाची जोड दिली. नागकुळातल्या १९ जातींच्या विषांवर उंदरांत ते मिश्रण चालले, काहींवर पूर्ण, काहींवर अंशतः. त्या माणसाने घोड्याचे काम स्वतः केले होते. हा प्रयोग कोणी घरी करण्याचा नव्हे. त्यानेही मरणाचा अनुभव जवळून घेतला होता. आणि घोणस-फुरशांचे कूळच वेगळे असल्याने पालघरच्या बांधावरच्या रुग्णाला या मिश्रणाचा उपयोग नाही. या सगळ्या गोष्टी अजून रुग्णालयाच्या कपाटापासून दूर आहेत. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. तोवरची बहुतेक लढाई घोड्याच्याच जोरावर लढावी लागणार.

या सगळ्यात रुग्णाच्या स्वतःच्या बी पेशी कुठे असतात? त्या कामाला लागलेल्या असतात, पण त्यांची पहिली तुकडी तयार व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, आणि विषाचा निकाल काही तासांत लागतो. शिवाय बाटल्यांतून आलेल्या घोड्याच्या प्रथिनांपुढे विषाची मात्रा नगण्य असते. त्यामुळे त्या पेशी ज्याच्यावर तुटून पडतात ते सापाचे विष नसतेच. दंशानंतर आठ-दहा दिवसांनी, माणूस घरी येऊन शेताकडे जाऊ लागला असताना, काहींच्या अंगावर खाज सुटते, गांध्या उठतात, सांधे दुखतात, ताप येतो. व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिरके आणि बेला शिक यांनी १९०५ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले, आणि कारण तेव्हाच ओळखले: शरीर आता घोड्याशी लढत आहे. उपचार साधे आहेत आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. फक्त दवाखान्यात गेल्यावर ‘आठवड्यापूर्वी सापाचे औषध चढवले होते’ हे डॉक्टरांना सांगायला हवे. नाहीतर पुरळ पाहून घरचे समजतात की विष अंगात राहिले, आणि चिंचोका पुन्हा बाहेर निघतो.